कोड सात आणि रत्नाअक्कांची चूल

रत्नाअक्कांचा नवरा साक्री तालुक्यातल्या आठवडी बाजारांत ॲल्युमिनियमची भांडी विकायचा. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद झाले. घरात विकायच्या पातेल्यांची चळत होती आणि त्यांत शिजवायला काही नव्हतं. दुसऱ्या लाटेत त्याला धुळ्याला नेलं, तो परत आला नाही. मागे अक्का आणि दोन मुली. थोरली वैशाली बारावी पास. तिला धुळ्यात नर्सिंग करायचं होतं.

हे अक्कांनी मला ओट्यावर बसून सांगितलं. माझ्या हातात टॅब होता.

साथीचा कुटुंबांवर काय परिणाम झाला, याचा आमचा सर्वे होता. करोनाच्या आधी ज्या घरांत गेलो होतो, त्याच घरांत पुन्हा जायचं आणि फरक मोजायचा. याला पॅनेल म्हणतात. अक्कांचं घर पहिल्या यादीत होतं.

माझे वडील जामनेरच्या मार्केट यार्डात हमाल होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, अर्थशास्त्रात एम.ए. नियमावली मला तोंडपाठ होती आणि त्याचा मला गर्व होता.

नियमाप्रमाणे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. म्हणून मी विचारलं, स्वयंपाक कुठे होतो?

अक्कांचे मोठे दीर शेजारीच बसले होते. गाव त्यांना नाना म्हणतं. शाळेत शिपाई, पगार चालू. उत्तर त्यांनीच दिलं. "मी शे ना. इनी चूल येगळी कशाले?"

भाऊ गेल्यावर भावजयीच्या घरातून वेगळा धूर निघाला, तर गाव नानांना नावं ठेवणार. म्हणून तेराव्यानंतर अक्कांची चूल बंद झाली. नाना भला माणूस. घासातला घास देत होते. त्यांची स्वतःचीही तीन मुलं होती.

निघताना अक्का दारापर्यंत आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, मनं घर येगळं लिख. पोरनं शिक्षण शे."

त्यांना कोणीतरी सांगितलं होतं आणि ते खरं होतं. कमावता माणूस गेलेल्या घरांची यादी आमच्या सर्वेतून एका संस्थेला जाणार होती. त्या घरांतल्या मुलींची फी आणि हॉस्टेल संस्था बघणार होती.

मी म्हटलं, लिहिते. आणि जीपमध्ये बसल्यावर कोड सात दाबला. कोड सात म्हणजे कुटुंब दुसऱ्यात विलीन, अस्तित्वात नाही. टॅबने पुढचा एकही प्रश्न उघडला नाही. कोण वारलं, हा प्रश्नसुद्धा नाही. नानांचं घर आमच्या यादीत नव्हतंच. खाली शेऱ्याची जागा होती, तीही मी रिकामी सोडली. कोड बरोबर असला की काम बरोबर, असं मला वाटायचं.

आमच्या पिंप्राळ्यातल्या ऑफिसात संस्थेला द्यायची यादी तयार झाली. त्यात वैशाली नव्हती. मी सर्वेचं काम बघणाऱ्या सरांकडे गेले.

"शेरा लिहिलास?"

"नाही."

"मग मी कशाच्या आधारावर घालू? तुझ्या तोंडी सांगण्यावर?"

मी म्हटलं, सर, चुलीची व्याख्याच चुकतेय.

"चुकत असेल. पण मध्येच बदलली तर आधीच्या फेरीशी तुलना कशी करायची? एम.ए.ला हेच शिकलीस ना?"

हेच शिकले होते. संस्थेला फोन केला. त्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि यादीत नाव असेल तर कळवा म्हणाल्या.

मग मी कोड सातची सगळी घरं काढून बसले. दिराकडे गेलेली, माहेरी गेलेली, मुलाच्या खोलीवर गेलेली. ज्यांचं पार मोडलं, नेमकी तीच पॅनेलमधून गळाली होती. जी तगली त्यांची सरासरी निघाली आणि ती बरी निघाली. रिपोर्टात वाक्य छापून आलं की बहुतांश कुटुंबं सावरली. आकडेमोड तपासली. चूक कुठेच नव्हती.

वर्षभराने दुसऱ्या कामासाठी त्या गावात गेले. वैशाली सुरतेला साड्यांच्या घड्या घालायला गेली होती. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस आमच्या नियमात कुटुंबात धरत नाहीत. म्हणजे आता ती नानांच्या चुलीवरही नव्हती.

अक्कांनी चहा केला. मी शेरा लिहिला नव्हता, हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू लिखी ली व्हतं ना, आसं मी पोरले सांगं व्हतं."

मी लिहून घेतलंय, असं त्यांनी वैशालीला सांगून ठेवलं होतं.

आता मी नव्या लोकांना ट्रेनिंग देते. त्यांना एवढंच सांगते की कोड दाबायच्या आधी शेरा लिहा. सरांशी दोन वर्षं भांडून पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढवून घेतला: चूल एक होण्याआधी हे घर वेगळं होतं का, आणि त्यातलं कोण वारलं? प्रश्न क्रमांक एकोणीस, कोड सात दाबला तरी उघडणारा. मिळालं ते एवढंच.