लहानूजींनी न काढलेलं जनावर

लहानूजी गेल्याचा फोन त्यांच्या लेकीनं बोरगाव मेघेहून केला तेव्हा मी दळण निवडत होते. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तरी समोर आलेल्या नातवंडाच्या हातावर ते बोटानं बकरी काढत आणि ओळख म्हणत, असं ती सांगत होती. मी रडले. मग पुन्हा दळण निवडायला बसले. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं दुसरं काय करावं?

नाव लहानू आणि उंची सहा फूट, म्हणजे विरुद्धार्थी शब्दांचा धडा माणूस स्वतःच होता. सेलूच्या प्राथमिक शाळेत आम्ही दोघं बालवर्ग सांभाळायचो. पोरांसाठी आलेल्या छापील पुस्तकात समुद्रातला सील होता, बर्फातलं अस्वल होतं. आमच्या पोरांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर. मग आपणच विरुद्धार्थी शब्दांचं पुस्तक करू असं ठरलं. शब्द माझे, चित्रं त्यांची, आणि जनावरं सगळी सेलू-केळझरची. जलद म्हणजे पिकातून उधळलेली रोही, आमच्याकडची नीलगाय, हळू म्हणजे गोगलगाय. ओली म्हणजे डबक्यातली म्हैस, कोरडा म्हणजे तापल्या दगडावरचा सरडा. जनावर कसं बसतं, कसं उठतं, हे त्यांना पाठ होतं. एवढं कुठं शिकलात, असं मी एकदा सहज विचारलं. केळझरच्या शाळेत आपल्याला बाहेर ओट्यावर बसवायचे, तिथून फळा दिसत नसे, येणारी-जाणारी गुरं तेवढी दिसत, असं त्यांनी सांगितलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून मीही ते ऐकून सोडून दिलं. किती सहज सोडून दिलं...

चित्रं पूर्ण होऊन आली तेव्हा एका पानावरच्या दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या. खाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'उच्च – नीच'. शाळेत घोकलेल्या जोड्या मी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. माझा स्वभाव तापट. काम अर्धवट का ठेवलं म्हणून मी त्यांच्यावर चिडले, उच्चला गरुड काढा आणि नीचला डुक्कर, एवढं साधं आहे, असं ऐकवलंही. त्यांनी डुकरानं काय केलं ते विचारलं. मग ते शांतपणे म्हणाले, "बाई, नीच जनावर मले एक दाखवा, आत्ताच काढून देतो. मी लय शोधून राह्यलो, सापडून नाई राह्यलं."

नागपूरची दीक्षा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते घरच्यांना घेऊन जाऊन आले होते, हे मला ठाऊक होतं. तरी माझ्या कापड दुकानदार बापाच्या घरात ज्या शब्दानं माणसं मोजली जात, तोच शब्द मी या माणसाला चित्र काढायला दिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ती ओळ खोडली.

पण पुस्तक जिल्ह्याच्या शाळांत जायचं तर वर्ध्याच्या शाळा तपासनीस साहेबांची मंजुरी हवी होती. साहेब शाळेत आले ते थेट आमच्या वर्गातच बसले. ही जोडी अभ्यासक्रमात आहे, ती घातल्याशिवाय मी सही करणार नाही, असं त्यांनी बजावलं. लहानूजी खाली बघत उभे होते. वर्षभराची मेहनत एका शब्दापायी जाणार होती, आणि तो शब्द मीच आणला होता. म्हणून मी पुढं झाले. "साहेब, जनावर तुम्ही सांगा. ते आत्ता काढतील."

साहेब म्हणाले, गाढव.

लहानूजींनी खडू घेतला. ओझं वाहून खाली आलेली मान, एक कान उभा, एक पडलेला, पोट जरा फुगलेलं. फळ्यावर गाढवी उभी राहिली तशी पोरं उठून पुढं सरकली. साहेबांनी पोरांकडं वळून विचारलं, सांगा पाहू, हे जनावर कसं आहे?

पहिल्या ओळीतली कुंभाराची पोर उठली. "गाभण हाये जी."

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं. पोर जास्तच खात्रीनं म्हणाली, "आमचीच हाये. चंपी. मांगच्या हप्त्यापासून बाबा तिले ओझं नाई देत."

साहेब हसले. त्या चंपीखाली तो शब्द लिहायला त्यांचाही हात धजला नसावा. त्यांनी सही केली, आणि त्या पानावर गाढवी आणि तिचं शिंगरू आली, 'मोठी – लहान'. त्या दिवशी शाळा सुटल्यावर सहा फुटांचा हा माणूस पोरांसोबत पटांगणात लंगडी खेळला.

पुस्तक जिल्हाभर गेलं. कितीक वर्षं पोरांनी ते फाटेपर्यंत वापरलं. परवा बोरगावच्या शोकसभेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ येऊन माझ्या पाया पडले. कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्याच बालवर्गातले. पुढं मोठ्या शाळेच्या परीक्षेत 'उच्च'चा विरुद्धार्थी शब्द आला, तेव्हा त्यांनी 'ठेंगणा' लिहिलं होतं म्हणे. तिथल्या गुरुजींनी वर्गात उभं करून विचारलं, एवढं सोपं उत्तर काऊन चुकला?

"मी म्हटलं, आमच्या पुस्तकात तसं जनावरच नव्हतं जी."