पेढा भरवतानाचा फोटो

मंडळी, आज ग्राहक आयोगात आमची तिसरी तारीख होती. चारकोपच्या डीलरकडून घेतलेली सेकंडहँड गाडी आठवड्यात बंद पडली. मेकॅनिकने सीटखालचा सुकलेला चिखल दाखवला. गाडी पुरात बुडालेली होती.

आज डीलरच्या वकिलाने एक फोटो पुढे केला. गाडीला हार, चाकाखाली लिंबू, आणि मी हसत हसत डीलरला पेढा भरवतोय. म्हणे, "ग्राहक पूर्ण समाधानी होता."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "'एकदम विश्वासू माणूस' असं लिहून तो फोटो तूच टाकला होतास ना?"

हो, मीच. याच ग्रुपवर.

पुढची तारीख मिळाली. थकलो यार.

पण त्या फोटोखाली तुमच्यातल्या तिघांनी त्याचा नंबर मागितला होता, आणि मी दिला होता. तुमच्या गाड्या नीट चालल्यात ना रे?