तोंडात सुकेळं धरून

द्वारकाआत्यांना कुठलीही गोष्ट संपलेली आवडत नसे.

मी निर्मळ गावच्या शाळेत शिकवायला नवीन लागले, तेव्हा नरहरीभाऊंच्या वाडीतल्या मागच्या खोलीत राहत होते. द्वारकाआत्या ही नरहरीभाऊंची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. पुढे भावाची बायको गेली, तेव्हा तिची मुलगी चंद्रकांता आत्यांनीच वाढवली. आत्या ठेंगण्या, चटपटीत आणि डोळ्यांनी अधू. ओटीवरून त्यांना अंगणातला माणूस नुसता धुरकट दिसे. पण कुंपणापलीकडे कुणी खोकलं, तरी कोण ते सांगत. वर त्याने काल आंबट काय खाल्लं तेही सांगत. सगळा गाव त्यांना आत्या म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले.

एका वर्षी मोगरा चांगला झाला आणि नरहरीभाऊंनी बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. त्याची तार दोन माडांच्या मध्ये ताणली. तारेवर कावळा बसला की गाणाऱ्याचा घसा बसतो, अशी आत्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे गाणं सुरू झालं की चंद्रकांतेला काठी घेऊन माडाखाली उभं राहावं लागे.

शुक्रवारी दिवेलागणीनंतर मुंबईहून श्रुतिका लागे, म्हणजे नुसतं कानांनी ऐकायचं नाटक. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवी माणसं, नवं गाव. अर्ध्या तासात सुरुवात आणि शेवट. मग निवेदक सांगे, “आजची कथा इथे संपूर्ण.”

“संपूर्ण कशी?” आत्या रेडिओलाच विचारत. “माणसं कुठे गेली मग?”

घोटाळा असा होता, की गोष्टी नव्या असल्या तरी नट तेच ते चारपाच असत. बाकी सगळे ते विसरून ऐकत. आत्यांच्या कानांना विसरणं जमत नसे. त्यांतल्या एका आवाजावर तर त्यांचा डोळाच होता. दाट, संथ, गोड आवाज. आणि नेमका तो दर शुक्रवारी काहीतरी वाईट करी. दिवाळीच्या आठवड्यात त्याने सावकार होऊन “चालती हो!” म्हणत एका विधवेला घराबाहेर काढलं. पुढच्या शुक्रवारी तोच आवाज डॉक्टर होऊन आला आणि म्हणाला, “हात बघू.”

“देऊ नको गो हात!” आत्या किंचाळल्या. “विधवेला बाहेर काढणारा मेला हाच!”

“आत्या, ही दुसरी गोष्ट आहे,” मी म्हटलं.

“गोष्ट दुसरी असंल बाई. माणूस तोच आहे.”

शेजारच्या सालोमीने त्याचं नाव मधाळ्या ठेवलं. सालोमी म्हणजे कुंपणापलीकडच्या वाडीची ख्रिस्ती मालकीण. तिची कोंबडी आत्यांच्या वाडीत अंडी घाली आणि त्यावरून दोघींचं वर्षानुवर्षं सुखाने भांडण चाले. शुक्रवारी मात्र ती प्रार्थना आटोपून स्वतःचा पाट काखेत मारून सगळ्यांच्या आधी अंगणात हजर.

शनिवारी सकाळी खरी मजा सुरू होई. आमच्याकडे दिवाळीनंतर पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात. ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात आणि दाताला नि टाळूला अशी चिकटतात, की खाणारा बराच वेळ मुका होतो. तीच सुकेळी. केळी सोलायला मांडवात बायका जमत आणि आत्या आदल्या दिवशीची गोष्ट त्याच्या आदल्या गोष्टीला जोडून देत. विधवेला लुबाडलेल्या पैशांवर मधाळ्या डॉक्टरकी शिकला. तिथून पळाला तो जहाजावर खलाशांचा तांडेल झाला. जहाज बुडालं आणि त्या शुक्रवारी निवेदकाने त्याला मेलेला जाहीर केला, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाल्या, “बुडतोय कशाला? पोहत पोहत अर्नाळ्याच्या किनाऱ्याला लागला असंल.” पुढच्या शुक्रवारी मधाळ्या बागायतदार होऊन बोलू लागला, तेव्हा सगळं अंगण ओरडलं, “लागला, लागला!”

खरं सांगायचं तर रेडिओपेक्षा आत्यांचीच गोष्ट चांगली असे. आगाशीहून फुलं न्यायला येणारे लोकसुद्धा पाट्या खाली ठेवून विचारत, “मधाळ्या सध्या कुठे?”

ह्याच मांडवात आत्यांचं न्यायालयही चाले. कुणाची शेळी कुणाच्या वेलीत शिरली, असला तंटा आला की आत्या दोघींच्या तोंडात एकेक सुकेळं कोंबत आणि म्हणत, “आता सांग.” त्यांचं म्हणणं असं, की खोटं बोलायला लांबलचक शब्द लागतात, आणि तोंडात सुकेळं असलं की लांब शब्द निघतच नाहीत. एवढंएवढंसं जे बाहेर पडतं, ते खरं. एकदा सालोमीला विचारलं, कोंबडी मुद्दाम सोडतेस का? सालोमीने बराच वेळ चावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “ओय.” मांडव हसून हसून आडवा झाला.

त्या हिवाळ्यात चंद्रकांतेला स्थळ आलं. ह्याआधी आलेल्या स्थळांपुढे ती हसतच सुटायची आणि पाहुणे अपमान समजून उठायचे. नरहरीभाऊ काळजीत होते. त्यांच्याहून जास्त आत्या. आपल्यामागे ह्या पोरीला हसू देणारं घर मिळेल का, एवढा एकच घोर त्यांना होता. मुलगा तुळशीदास, मूळचा आगाशीचा, मुंबईला कापडाच्या पेढीवर कारकून. आईवडील नव्हते, म्हणून मामा घेऊन आले.

पाहुणे ओटीवर बसले. आत्या चुलीपाशी चहा गाळत होत्या. चंद्रकांता सुकेळ्यांची बशी घेऊन उंबऱ्याशी उभी होती, आणि मी तिच्या मागे, कारण तिला हसू आलं तर पाठीत चिमटा काढायचं काम माझ्याकडे होतं.

नरहरीभाऊ म्हणाले, “चहा घ्याल ना?”

तुळशीदास म्हणाला, “नको. पाणी पुरे.”

आत्यांच्या हातातलं गाळणं चुलीत पडलं. चंद्रकांतेची बशी वाजली. दोघींनी एकाच क्षणी मधाळ्याचा आवाज ओळखला. पण एकीचा चेहरा राखेसारखा झाला आणि दुसरीचा असा लाल, की मला चिमटा काढायचीही शुद्ध राहिली नाही. शुक्रवारी मधाळ्या बोलू लागला की चंद्रकांतेच्या हातातलं काम थांबतं, हे मी पाहिलं होतं. अर्थ मात्र मला आत्ता लागला.

आत्या तडक ओटीवर आल्या. “काय रे, त्या विधवेचं घर परत केलंस का?”

मामांच्या घशात सुपारी अडकली.

“ताई!” नरहरीभाऊ म्हणाले. “पाहुण्यांना अरेतुरे करतेस?”

“ह्याला मी दिवाळीपासून ओळखते.”

तुळशीदास आधी पांढरा पडला. मग त्याला हसू फुटलं. “आत्या, माझ्या हातात असतं तर त्याच रात्री परत केलं असतं. लिहिणाऱ्याने लिहिलं नाही हो.”

तेवढं कुंपणापलीकडे पुरलं. “आग्नेस! आग्नेस!” सालोमीने आपल्या सुनेला हाक मारली, “धाव गो, मधाळ्या आलाय! जिता आहे!” मांडवातल्या बायका चिकट हातांनीच धावत आल्या. कुणाला पदर सावरायचं भान नव्हतं, आणि ज्यांनी सावरला त्यांचे पदर हाताला चिकटून बसले. जिच्या तिच्या तोंडी एकच मागणं: “एकदा ते ‘चालती हो’ म्हणा ना!” तुळशीदासने मामांकडे पाहिलं, नरहरीभाऊंकडे पाहिलं, आणि उभं राहून असं काही “चालती हो!” म्हटलं, की सालोमीची कोंबडी आत्यांच्या वाडीतून ओरडत जी उठली ती सरळ आपल्या घरी. वर्षानुवर्षांचं भांडण एका वाक्यात मिटलं म्हणून बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नरहरीभाऊ मात्र हसले नाहीत. बायका पांगल्यावर त्यांनी विचारलं, “रेडिओवर काम करता, ते सांगितलं का नाही?”

मामा पुढे झाले. “मीच म्हटलं, नाटकी माणूस म्हटला की लोक मुलगी देत नाहीत. मग...”

“तुम्ही नको. ह्यांना बोलू द्या.”

तुळशीदास बोलला. आवाज तोच, दाट आणि गोड. आपली चूक झाली, मनात कपट नव्हतं, विश्वासाला तडा जावा असं आपल्या हातून पुन्हा घडणार नाही. वाक्यं एकामागून एक इतकी सुरेख येत होती, की नरहरीभाऊ मान डोलवायला लागले.

आत्यांची मान हलली नाही. त्या वाकून पाहुण्यांपुढे ठेवलेल्या बशीकडे पाहत होत्या, अगदी नाक लावून. बशीतलं एकही सुकेळं कमी झालं नव्हतं.

“माझं लग्न ठरवायला आलेला माणूस असाच गोड बोलत होता,” त्या म्हणाल्या. “नवरा दमेकरी आहे, एवढंच सांगायचं राहिलं त्याचं.” मग तुळशीदासला म्हणाल्या, आणि आता त्यांनी अरेतुरे केलं नाही, “तुमी वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण तुमचा खरा आवाज कुठला ते मला कळत नाही. तोंडात सुकेळं असतं तर कळलं असतं. आता मुद्दाम खाऊन बोलाल, ते काय खरं? शुक्रवारी ऐकते नि सांगते.”

“ताई, शुक्रवारी तर ते नाटकातलं बोलणार,” नरहरीभाऊ म्हणाले.

“बोलू दे की. मी ऐकणार.”

रीतीप्रमाणे पाहुण्यांना सुकेळ्यांचा पुडा बांधून दिला. तो द्यायला चंद्रकांता पुढे झाली, आणि त्या घरात स्थळासमोर पहिल्यांदाच ती हसली नाही. तिने पुडा पुढे केला. तुळशीदासने तो दोन्ही हातांनी घेतला.

तो आठवडा मांडवात कुणी गोष्ट मागितली नाही. आत्या केळी सोलत आणि चंद्रकांता सोललेली पुन्हा सोलायला बघे.

शुक्रवारी अंगण भरलं. बोळिंज गावची माणसंसुद्धा आली होती. नरहरीभाऊंनी नवी बॅटरी घातली. आत्या रेडिओला जवळजवळ कान लावून बसल्या. सालोमी जपमाळ सोबत घेऊनच आली होती. “तुझ्या देवाचं तू बघ, माझ्याचं मी बघते,” असं तिने आत्यांना सांगून टाकलं.

त्या दिवशी मधाळ्या पोस्टमास्तर होता, आणि नशिबाने सज्जन. कथा अशी की परगावी बदली झालेला हा माणूस एका शिक्षिकेला लग्नाचं विचारतो. मी शाळेतली, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहून घेतलं. पोस्टमास्तर पहिली दहापंधरा मिनिटं छान, दाट, गोड बोलत होता. आत्यांच्या कपाळावरची आठी हलेना. चंद्रकांता काठी घेऊन माडाखाली उभी होती, कावळे केव्हाच झोपले होते तरी.

मग रेडिओतली शिक्षिका म्हणाली, “शब्द तर तुम्ही फार सुंदर बोलता. पण मला फसवणार नाही ना?”

 कागदाची सळसळ. मग एक आवाज आला, जो मुंबईत कुणाला ओळखू आला नसेल. आमच्या सगळ्या अंगणाला आला. चिकट. दाताला काहीतरी ओढून सुटल्याचा.

“नाई,” मधाळ्या म्हणाला. “कदीश नाई.”

रेडिओतली शिक्षिका आपलं वाक्य विसरली.

“सुकेळं!” सालोमी ओरडली. “द्वारका, मेल्याच्या तोंडात सुकेळं आहे गो!”

मग जे झालं ते सांगणं कठीण आहे. कुणी पाट वाजवले, कुणी नरहरीभाऊंच्या पाठीवर थापा मारल्या. आग्नेस रडत होती, का ते तिला सांगता येईना. माडाखाली चंद्रकांता काठीला धरून खाली बसली होती आणि इतकं हसत होती, की मी चिमटा काढायला गेले ती मीच तिच्याशेजारी बसून हसू लागले. रेडिओ बोलतच होता, बिचाऱ्या पोस्टमास्तरचं पुढे काय झालं ते कुणीही ऐकलं नाही.

आत्यांनी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि भावाला म्हणाल्या, “नरहरी, मामांना निरोप धाड. हा आवाज पोरीला देऊन टाक.”

“एवढ्यावरून?”

“भर रेडिओवर सगळ्या मुंबईपुढे स्वतःचा गोड आवाज चिकटवून घेतला त्याने. अजून काय पाहिजे तुला?”

तुळशीदासला त्यापायी बोलणी खावी लागली, असं त्याने नंतर सांगितलं. पुढचे काही शुक्रवार त्याला फक्त दारावरची थाप आणि घोड्याच्या टापा वाजवायला दिल्या. आत्या त्या टापाही ओळखत. “आले जावई,” म्हणून पदर सारखा करत.

लग्न वाडीतच झालं. नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा रेडिओवरचा आवाज उखाणा घेणार म्हणून मांडवाबाहेरचे लोकही आत घुसले. नवरदेवाने घसा साफ केला. तेवढ्यात आत्या गर्दीतून वाट काढत आल्या, चेहऱ्यावरून हात फिरवून त्यांनी त्याचं तोंड कुठे आहे ते शोधलं, आणि त्यात एक जाडजूड सुकेळं कोंबलं.

तो काय म्हणाला, ते एकालाही कळलं नाही. चंद्रकांतेला कळलं असावं. ती मान हलवून “हो, हो,” म्हणत होती.