वर रचलेलं सतरावं प्रकरण

पार्सल परत आलं की मी पत्ता वाचायचे नाही, आधी गाठ बघायचे.

गाठ आईची होती. बांधलेली मी, पण शिकवलेली तिने, कांद्याच्या गोणीचं तोंड बांधायला. दोन वळसे द्यायचे आणि टोक आतून ओढून घ्यायचं. ज्याला माहीत नाही त्याच्या हाताने ती सहज सुटत नाही, कापावीच लागते. पुण्याच्या दोन प्रकाशकांकडे मी माझी कादंबरी पाठवली होती. दोन्हीकडून ती परत आली, आणि दोन्ही वेळा बाहेरचा खाकी कागद तेवढा नवा होता. आतली सुतळी, सुतळीची गाठ, जशीच्या तशी. सोबत चिठ्ठी, की आपले लेखन काळजीपूर्वक वाचले.

"न उघडता वाचलं?" नवरा म्हणाला. "हुशार माणसं दिसतात."

मलाही हसू आलं. मग दिवसभर कारखान्यात माझ्या हातून वायरींचे टर्मिनल उलटे बसत राहिले.

दोन हजार साल यायच्या जरा आधीची ही गोष्ट. आम्ही नाशकात अंबडला एका खोलीत भाड्याने राहायचो. माहेर सटाण्याच्याही पुढे, गुजरातच्या अंगाला. दोन एसट्या बदलायच्या आणि वर तासभर चालायचं. आज कुणाला हे लांब वाटणार नाही, मला वाटायचं. आईशी बोलायची भाषा वेगळी, कारखान्यातल्या बायकांशी बोलायची वेगळी आणि लिहायची तिसरीच. शाळा आठवीत सुटली होती. त्यामुळे त्या तिसऱ्या भाषेत एक ओळ लिहिली की दुसरी लिहायच्या आधी मी मागे वळून बघायचे, कुणी पाहतंय का.

कारखान्यात आम्ही गाड्यांच्या वायरींचे गुच्छ बांधायचो. तपासणीचे रद्द झालेले फॉर्म एका बाजूने कोरे असत, ते सुपरवायझर साहेब मला द्यायचे. "काय लिहितेस ते मला सांगू नको," ते म्हणायचे, "म्हणजे वरून विचारलं तर मला माहीत नाही म्हणता येईल." त्या माणसाचे उपकार मी कसे विसरू? डब्याच्या सुट्टीत अर्धी पोळी पोटात गेली की मी लिहायला बसायचे. असं चार वर्षं. कादंबरी होती कांदा निवडणाऱ्या बायकांची. कांदा साठवायच्या चाळीत बसून मोठा कांदा एकीकडे, बारकी गोल्टी दुसरीकडे, असं निवडत ज्यांचा जन्म जातो त्यांची.

टर्मिनलच्या खोक्यांत जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली यायची. एकदा त्यातल्या रविवारच्या पुरवणीत वाचलं, की परदेशात लेखकाला एजंट असतो. लेखकाने लिहायचं आणि एजंटने त्याच्या वतीने प्रकाशकाशी बोलायचं. ते पान मी घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं. मला त्यात परदेशी काही वाटलंच नाही. मार्केटात लिलावाच्या वेळी माझा बाप ट्रॉलीजवळ हात पाठीमागे बांधून गप्प उभा राहायचा, आणि बोलायचं ते अडत्या बोलायचा. गप्प उभं राहणं मला येत होतं. बोलणारं माणूस हवं होतं.

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितलं, तर तिने सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं विचारलं, "एजंट? कसला गं? प्लॉटचा का विम्याचा?"

"पुस्तकाचा."

"मग आरटीओत एक आहे माझ्या ओळखीचा. गाडी न चालवता लायसन काढून देतो. तुझं पुस्तकही काढून देईल, न वाचता."

"न वाचणारे मला पुण्याचेच पुरे आहेत," मी म्हटलं.

माणूस सापडलं नाशकातच, द्वारका चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. तिसऱ्यांदा पाठवायच्या आधी एक प्रत असावी म्हणून गेले होते. दुकानदार पानं मशीनवर ठेवता ठेवता वाचत होता. मला ते आवडत नव्हतं आणि आवडतही होतं. मध्येच थांबून म्हणाला, "ताई, हे मॅडमना दाखवलं का?" मॅडम म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. पुण्याच्या आणखी एका प्रकाशकाची पुस्तकं छापायच्या आधी त्यातल्या चुका त्या काढून द्यायच्या. त्यांची पाकिटं याच दुकानात यायची.

रविवारी जायचं ठरवलं. शनिवारभर मी पहिलं प्रकरण वाचत होते, आणि दर वाचनाला ते जास्तच पडेल दिसत होतं. चांगलं होतं ते सतरावं. त्यात दृष्टी गेलेली म्हातारी नुसत्या हाताने कांदा निवडते आणि निवडता निवडताच जाते. निघायच्या वेळी मी सतरावं प्रकरण उचललं, वरचा आकडा खोडला आणि गठ्ठ्याच्या डोक्यावर ठेवलं. गाठ मारली.

मॅडमनी दारातच ऐकून घेतलं. "मी कसली हो एजंट? मी चुका काढते, लोकांना राग येतो." मी हललेच नाही. शेवटी म्हणाल्या, "ठेवून जा. महिनाभर विचारायला यायचं नाही. फोन आहे?"

"पी.पी. आहे," मी म्हटलं, आणि शेजारच्या मावशींचा नंबर दिला.

बस अंबडला पोचायच्या आधीच मनात आलं, की परत जावं आणि गठ्ठा मागून आणावा. ती बाई शिकलेली. तिला पहिल्या पाच मिनिटांत कळणार, की वर ठेवलंय ते पहिलं नाहीच. एकतर अडाणी म्हणेल, नाहीतर लबाड. मावशींच्या फोनची घंटा भिंतीतून ऐकू यायची. ती वाजली की मी हातातलं टाकून त्यांच्या दारात.

"भाचीचा होता गं," मावशी म्हणायच्या. किंवा, "गॅसवाल्याचा." एकदा म्हणाल्या, "अंथरूणच घेऊन ये ना इकडे. सोपं जाईल."

त्याच दिवसांत आईचं पत्र आलं, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. आठे समदं बरं शे, तू काय लिखी ऱ्हायनी? इथे सगळं बरं आहे, तू काय लिहितेयस. ते पत्रही मी डब्याच्या पिशवीत ठेवलं.

अठराव्या दिवशी मावशींनी खिडकीतून हाक मारली. "तुझ्या त्या एजंटबाईचा फोन! चिडलेल्या वाटतात हं."

गेले. गठ्ठा टेबलावर पसरलेला होता. सुतळी शेजारी गुंडाळून ठेवलेली, अख्खी.

"अर्धा तास गेला माझा ही गाठ सोडवण्यात," मॅडम म्हणाल्या. "आणि आत काय? पहिल्या प्रकरणात म्हातारी मरते, दुसऱ्यात तिचं लग्न जमतंय. काय प्रकार आहे हा?"

पानं वाटेत घसरली, असं सांगता आलं असतं. जीभ उचलली नाही. "ते सतरावं आहे. मी वर ठेवलं."

"का?"

"कांद्याच्या ट्रॉलीत वर चांगला माल रचतात. तसं."

"म्हणजे फसवायला."

"फसत नाही कुणी. सौदा झाला तरी व्यापारी आपल्या खळ्यावर ट्रॉली रिकामी करतोच. खाली गोल्टी निघाली की वांधा काढतो, भाव पाडायला चारचौघांत भांडतो."

"मग रचायचं कशाला?"

"रांगेत शंभर ट्रॉल्या असतात, मॅडम. तो थांबावा म्हणून. थांबलाच नाही, तर खाली काय आहे ते बघणार कधी?"

बाहेर चौकात ट्रक अडकले होते, त्यांचे हॉर्न चालू होते. मला वाटलं, झालं, आता गठ्ठा उचलायचा आणि निघायचं. मॅडमनी लाल पेन उचललं.

"मग वांधा आधी मीच काढते," त्या म्हणाल्या. "सतराव्याखालची पहिली चाळीस पानं तुमची नाहीत. पाठ्यपुस्तकातली कुणीतरी बोलतेय तिथे. ती कांदा निवडायला बसते ना, तिथून तुम्ही सुरू होता."

सहा महिने दर रविवारी मी द्वारकेला गेले. चाळीस पानं काढली, त्यांच्या जागी सहा लिहिली. एकदा भीत भीत विचारलं, चुका किती निघाल्या. "मोजत बसले असते तर वाचलं कधी असतं?" म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यात पोह्यांची बशी सरकवली.

मग मॅडमना पाकिटं पाठवणारे पुण्याचे ते प्रकाशक पुस्तकांच्या प्रदर्शनासाठी नाशकात आले. मॅडमनी त्यांना चहाला बोलावलं आणि मला ताकीद दिली, "तुम्ही बोलायचं नाही." मी भिंतीशी उभी राहिले. हात आपोआप पाठीमागे गेले.

प्रकाशक बसले तेच घड्याळ बघत. मॅडमनी त्यांच्या हातात फक्त सतरावं प्रकरण दिलं.

"हे मधलंच दिसतंय. सुरुवात कुठेय?"

"सुरुवात नंतर. आधी हे."

त्यांच्या चहावर साय धरली. घड्याळ पुन्हा बघितलं गेलं नाही. शेवटचं पान ठेवून त्यांनी विचारलं, "बाकीचं?" मॅडमनी बाकीचं दिलं. ते चाळता चाळता माझ्याकडे बघून म्हणाले, "या का? शिक्षण काय यांचं?"

"पानावर दिसतंय का कुठे?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग मी कशाला सांगू?"

ते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गठ्ठा पुण्याला नेतो म्हणाले. मी पुढे होऊन तो बांधून दिला. हाताला सवय, गाठ तीच पडली.

त्यानंतरचे पाच महिने कसे गेले ते मावशींना विचारा. घंटा वाजली की त्या आतूनच ओरडायच्या, "नाहीये तुझा!"

आणि एका सकाळी नवरा पोस्टातून पार्सल घेऊन आला. त्याने ते हळूच कॉटवर ठेवलं. "माघारी आलं वाटतं," म्हणाला. या वेळी विनोद केला नाही.

मी वरचा खाकी कागद काढला. आत सुतळी नव्हतीच. प्लॅस्टिकची निळी दोरी होती आणि तिला दुकानातल्यासारखी साधी गाठ. ती ओढली तशी सुटली. वर पुस्तकाची छापलेली, तपासायची कच्ची पानं होती, माझी वाक्यं, ओळखू न येण्याइतकी सरळ उभी. त्याखाली माझे फॉर्म. तळाशी माझी सुतळी, कात्रीने कापलेली, दोन तुकडे.

मी मावशींकडे पळाले आणि नंबर फिरवला.

"मॅडम, गाठ कापलीय," मी म्हटलं. "वर छापलेली पानं आहेत."

"मग रडताय कशाला?" पलीकडून आवाज आला. "छापून आलंय ना? घेऊन या लवकर. चुका असतील त्यात."