वजन उतरलेली पिल्लं

"तुझ्या प्रोग्रॅमने माझी अकरा पिल्लं मारली, लाह!"

शुक्रवारी दुपारी मेलिंग वाक्याच्या शेवटी तिचं सवयीचं 'लाह' लावत फोनवर अक्षरशः ओरडत होती. मी क्वीन्सटाउनच्या ऑफिसात डेटा इंजिनियर. ती आमची क्लायंट, पक्षी अभ्यासक. अख्खा उन्हाळा आर्क्टिकच्या दलदलीत काढून तिने चिखल्या पक्ष्याच्या पिल्लांच्या नोंदी केल्या होत्या. पायात रंगीत कडी अडकवायची, पिल्लू कापडी पिशवीत घालून वजन करायचं, दोन दिवसांनी तेच पिल्लू पुन्हा शोधायचं. सोमवारी रिपोर्ट जाणार होता. पिल्लं जगत नाहीत असं त्यात दिसलं, तर निधी थांबून तिचा कॅम्प बंद.

मी लॉग उघडला. मेलिंगचं खरं होतं. दुसऱ्यांदा वजन कमी भरलं, की प्रोग्रॅम ती टायपिंगची चूक समजून त्या पिल्लाच्या पुढच्या सगळ्या नोंदी बाजूला टाकत होता. पुढे नोंद नाही, म्हणजे पिल्लू मेलं. हा रूल मीच घातला होता. वाढत्या पिल्लाचं वजन उतरेल कशाला, असं मला वाटलं होतं.

"यांना आईबाप भरवत नाहीत, फक्त ऊब देतात," मेलिंग म्हणाली. "किडे स्वतःच शोधायचे. ते जमेपर्यंत पोटात उरलेल्या बलकावर दिवस काढायचे. वजन उतरणारच ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या लेकीचं वजन तिसऱ्या दिवशी उतरलं, तेव्हा मी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. सगळ्याच बाळांचं उतरतं, हे नर्सने मला दोनदा समजावलं होतं. आणि मीच हा रूल लिहिते!

बॉस डेस्मंड मात्र शांत. "प्रोग्रॅमने काय करायचं त्या स्पेकवर क्लायंटची सही आहे. आपला बग नाही. नेक्स्ट व्हर्जनमध्ये बघू."

"रूल माझा आहे. सोमवारच्या आत मीच निस्तरणार."

नुसता रूल काढून भागणार नव्हतं. खऱ्या चुकाही आत शिरल्या असत्या. शनिवार-रविवार मेलिंग आणि मी तिच्या वहीची डागाळलेली पानं घेऊन बसलो. ती कड्यांचे रंग वाचायची, मी एकेक नोंद ताडून पाहायचे. अकरापैकी नऊ जिवंत निघाली. दोन खरंच गेली होती. ती तशीच ठेवली.

सोमवारी रिपोर्ट गेला. कॅम्प टिकला. डेस्मंड मीटिंगमध्ये "गुड कॅच" म्हणाला, तेव्हा चूकही माझीच होती हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. प्रोजेक्ट पुष्कळ केले, पण अभिमान वाटतो तो त्या दोन दिवसांचा.

आता डेटा साफ करायला घेण्याआधी, ज्याचे पाय चिखलात भिजले त्याला मी फोन लावते.