तेल किती घट्ट, आमच्या लॅबले विचारा

एकाच लॅबमध्ये बारा-चौदा वर्षं काढली की रिपोर्टांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. रिपोर्ट कपाटात जातात, किस्से चहाच्या वेळी बाहेर येतात. आमची लॅब अमरावतीच्या एका कॉलेजातली. खनिज तेल किती घट्ट आहे हे प्रत्यक्ष न मोजता, त्याची घनता आणि तापमान सूत्रात घालून सांगायचं, हे आमचं काम.

*

अॅडमिशनच्या दिवसांत तिवस्याहून एक काका मुलाला घेऊन आले. त्यांनी आमच्या इंगोले सरांना सरळच विचारलं, अमरावतीत तेल कुठं निघते?

सर म्हणाले, "तेल तिकडं समुद्रात निघते काका. ते पायपातून जाईन का नाही, हे सांगणारे पोट्टे इथून निघतात."

काकांनी तिथंच फॉर्म भरला.

*

वामनराव आमचे लॅब अटेंडंट. सूत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "म्हणजे माणसाले न पाहताच त्याचं वजन सांगून राहिले तुमी?"

सरांनी समजावलं, उंची आणि वय कळलं तर अंदाज येतो की नाही?

"येते. पन माह्या साळ्याचा नाही येत."

पुढच्याच आठवड्यात मेणाचं प्रमाण जास्त असलेलं तेल आलं आणि एकाही सूत्रात बसलं नाही. तेव्हापासून असा नमुना आला की रजिस्टरात पेन्सिलीनं शेरा पडतो: साळा.

*

अकोल्याला प्रॅक्टिकल परीक्षा होती, भर मे महिन्यात. पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, रीडिंग कोणत्या तापमानाला घेतलं? तो म्हणाला, रूम टेंपरेचरला.

"म्हणजे पंचवीस."

"सर, ते पुण्याचं. आमचं त्रेचाळीस आहे."

परीक्षकांनी घाम पुसला आणि पूर्ण मार्क दिले.

*

आता प्रज्ञाची गोष्ट. ही भातकुलीची, आमच्याकडे पीएचडी करत होती. दोन वर्षं नमुने मोजून तिनं स्वतःचं सूत्र बसवलं. एका मोठ्या कंपनीनं तिला एका तेलाची आकडेवारी पाठवली. तिचं उत्तर कंपनीच्या रीडिंगच्या निम्मंच आलं. फोन आला, लहान कॉलेज आहे, पुन्हा तपासा.

सर धास्तावले, कारण कंपनीचं पुढचं काम यावर अवलंबून होतं. तिनं तीनदा तपासलं. मग कंपनीच्या कागदावरच्या तारखा सरांना दाखवल्या. घनता पहिल्या दिवशी मोजलेली, घट्टपणा महिन्यानं.

"सर, माहा आकडा नाही बदलत. त्यायले बाटलीचं झाकण पाहाले सांगा. हलका भाग उडून गेला असंन, म्हणून तेल घट्ट झालं."

सरांनी फोन लावला आणि शब्दशः तेच सांगितलं.

आठ दिवसांनी कंपनीचे साहेब स्वतः आले. झाकण खरंच सैल निघालं होतं. ताज्या नमुन्याचं रीडिंग प्रज्ञाच्या आकड्याला जवळपास चिकटलं होतं. साहेबांनी सोबत आणलेला कंपनीचा रिपोर्ट उघडला. त्यात वापरलेल्या सूत्रांचा तक्ता होता, सगळी नावं परदेशी. खाली एक ओळ रिकामी होती. त्यांनी प्रज्ञाला विचारलं, तुमच्या सूत्राचं नाव काय?

तिनं नाव ठेवलंच नव्हतं. ती सरांकडे पाहू लागली. मागून बाटल्या पुसता पुसता वामनराव म्हणाले, "भातकुली."

साहेबांनी खिशातून पेन काढला. "स्पेलिंग सांगा."