चावीमामांची घरफोडी

आमचे हे चोर आहेत, ही बातमी मला बेकरीत कळली. बेकरीवाल्याने पाव बांधता बांधता आवाज खाली आणला आणि विचारलं, "मामी, मामांचं हे कधीपासून चाललंय?" मला वाटलं, यांच्या खोकल्याबद्दल विचारतोय. म्हटलं, "लग्नाच्या आधीपासून. मी तर आता लक्षच देत नाही." बिचाऱ्याच्या हातातला दोरा गळून पडला.

हे म्हणजे चावीमामा. चाव्या बनवणं, कुलूपं बसवणं आणि अडकलेली दारं उघडणं हा यांचा धंदा. सगळा रस्ता यांना मामा म्हणतो, त्यामुळे मी आपोआप मामी झाले, मला कुणी विचारलं नाही. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर यांना पोट आत ओढून उभं राहावं लागतं. दिवसभर चावी कापायचं यंत्र घरघरत असतं आणि पितळेचा कीस यांच्या केसात, कानात आणि मी कितीही कटकट केली तरी माझ्या उशीवर. स्वभाव म्हणाल तर रांगेत कुणी पुढे घुसलं की हे त्याचीच पिशवी धरून उभे राहतात. माझ्यासारख्या तापट बाईच्या पदरात असा माणूस कसा पडला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

दुकानात यंत्राच्या मागे एक फळी आहे. फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला कुणाच्या तरी घराची जादा चावी. आमच्या रस्त्याची रीतच आहे ती. नवीन बिऱ्हाड आलं की सामान लावायच्या आधी एक चावी मामांकडे जाते. कुणी चावी घरात विसरलं, कुणाची पिशवी बसमध्ये राहिली, की माणूस सरळ दुकानात. एकाही चावीवर नाव नाही, नंबर नाही, पण यांचा हात बरोबर तिथेच जातो. माझा वाढदिवस यांना दरवर्षी लेकीने फोन करून सांगावा लागतो, ती गोष्ट वेगळी. यांच्याकडे ना जमीन ना जुमला. सगळा रस्ता आपल्यावर विश्वास ठेवतो, एवढीच यांची इस्टेट, आणि ती त्या फळीवर टांगलेली.

आता खेळाचं सांगते. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली तेव्हा जाताना यांच्या फोनवर एक ऑनलाइन खेळ घालून गेली. "बाबा, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की खेळत जा," म्हणाली. त्या खेळात मोठं गाव आहे, वाडेहुडे, किल्ले, खजिने. आपण शेतकरी व्हा, राजा व्हा, व्यापारी व्हा, काय वाटेल ते व्हा. जगभरची माणसं त्यात शिरलेली, आणि कानात यंत्र घातलं की एकमेकांशी बोलताही येतं. मला वाटायचं, हे दुपारी शटर अर्धं ओढून डुलकी काढतात. कसली डुलकी. हे दुपारभर घरं फोडत होते. बोका या नावाने.

हे उजेडात आणलं कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने. तोही तोच खेळ खेळतो, आणि त्यात तो राजा आहे. साधासुधा नाही, दानशूर महाराज. एके दुपारी महाराज सिंहासनावर बसलेले असताना खजिन्याच्या दाराशी खुडबूड झाली आणि त्याच्या कानात एक मऊ आवाज आला, "घाबरू नका हं, झालंच." औषधवाला ताडकन उठला. हेच वाक्य, याच आवाजात, त्याने मागच्या महिन्यात ऐकलं होतं. तेव्हा तो टॉवेल गुंडाळून स्वतःच्या न्हाणीघरात अडकला होता आणि बाहेरून आमचे हे कडी काढत होते.

बेकरीवाल्याकडून हे सगळं ऐकलं आणि मी पाव तसाच काखोटीला मारून औषधांच्या दुकानात गेले. तो खोकल्याचं औषध देता देता दोन गिऱ्हाइकांना सांगतच होता, "माणूस खेळात खरा दिसतो. बाहेर आपण सगळे नीट वागतो, कारण लोक बघत असतात. तिथं कुणी बघत नाही, म्हणून आतलं बाहेर येतं."

"काय आलं हो बाहेर?" मी विचारलं.

मला बघून तो जरा चाचरला, पण मागे हटला नाही. "मामी, माझा अख्खा खजिना नेला मामांनी. आणि वर जाताना बाहेरून परत कुलूप लावून गेले. दार बंद बघून मला आधी वाटलं, काही गेलंच नाही."

तोपर्यंत मला आशा होती की बोका कुणी भलताच असेल. कुलपाचं ऐकलं आणि माझी खात्री पटली. चोरी करून झाल्यावर दार लावून, कडी ओढून बघून जाणारा चोर साऱ्या जगात एकच असू शकतो, आणि तो माझ्या गळ्यात बांधलेला. पण नवऱ्याला घरात बोलायचं असतं, बाहेर नाही. मी म्हटलं, "खेळात माणूस खरा दिसतो ना? मग महाराज, तुमचा दानशूरपणा बाहेर कधी येणार? तुमच्या दुकानात म्हाताऱ्या माणसाला बसायला साधं स्टूल नाही." दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, जिंकले. चुकलेच मी, त्याला सगळ्यांसमोर डिवचायला नको होतं.

घरी आल्यावर यांना समोर बसवलं. "अहो, तुम्ही चोऱ्या करता?"

यांचे कान लाल झाले. "खेळात."

"मग खेळातच राजा व्हायला काय झालं होतं?"

"राजाला फार बोलावं लागतं," हे म्हणाले आणि बूट पुसायला बसले. जास्त खोदून विचारलं की हे बूट पुसतात. त्या आठवड्यात घरातले सगळे बूट चकाकत होते.

मग चाव्या जायला लागल्या. पहिली आली शिंपीणबाई. "मामा, पाहुणे यायचेत, चावी लागेल जरा." ही बाई पाहुण्यांना दारातूनच वाटेला लावते, हे मला माहीत, यांना माहीत, तिला स्वतःलाही माहीत. मग बेकरीवाला आला, मान खाली घालून, काहीतरी पुटपुटत. मग वरच्या मजल्यावरचे. कुणी म्हणे हरवलीये, कुणी म्हणे रंगकाम आहे. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी एकेकाची हजेरी घेतली असती. हे मात्र प्रत्येक चावी फडक्याने पुसून देत होते. वर विचारत, "दार अजून पावसाळ्यात फुगतं का हो तुमचं?"

शेवटी फळीवर नुसते खिळे राहिले. हे यंत्राकडे तोंड करून उभे राहायचे ते आता रस्त्याकडे तोंड करून उभे राहू लागले, म्हणजे फळीकडे पाठ. फोनमधला खेळ काढून टाकला, तरी कुणी फिरकलं नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. ते बघून मी जास्तच ओरडायची. मला दुसरं काही येत नाही.

आणि यानंतर लोकांनी जे केलं, ते करायला आमचाच रस्ता हवा. चावी परत घेतली तरी यांना कुलूप उघडता येतंच, हे एकेकाच्या डोक्यात शिरलं. मग कुलूपं बदलायची ठरली. आता कुलूप बदलून देणारा या भागात माणूस एकच. तेव्हा चोराच्या भीतीने नवीन कुलूप बसवायला सगळे त्या चोराकडेच आले.

औषधवाला तर गंभीर चेहरा करून म्हणाला, "मामा, मला असं कुलूप हवं की तुम्हालाही उघडता येणार नाही."

माझ्या हातात असतं तर मी त्याला बिस्किटाच्या डब्याचं झाकण बसवून दिलं असतं. यांनी मात्र खूप विचार केला. कागदावर आकृत्या काढल्या, कुठून कुठून चौकशी केली, एक जाडजूड कुलूप मागवलं, आणि बसवायच्या आधी घरी आणून त्याच्याशी संध्याकाळभर झटापट केली. मग घाम पुसत, समाधानाने म्हणाले, "नाही उघडत."

"म्हणजे खरंच तुम्हाला उघडता येणार नाही?"

"नाही. म्हणून तर तेच देतोय."

मी कपाळावर हात मारला.

औषधवाल्याच्या घरी त्याची आई असते. आम्ही तिला आजी म्हणतो. आजी कुणीही दार वाजवलं की त्याला आत घेऊन गप्पा मारत बसते, म्हणून हा दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावतो. एक दिवस दुपारी घरी येताना याच्या हातातला जुडगा निसटला आणि गटाराच्या जाळीतून गेला तो गेलाच. दाराची दुसरी चावी घरात कपाटात होती, आणि कपाटाची चावी त्याच जुडग्यात. निरोप आला तसे हे पेटी घेऊन निघाले. मीही निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

दारासमोर निम्मा रस्ता गोळा झालेला. खिडकीच्या गजांमागे आजी खुर्ची टाकून बसलेली, अगदी मजेत. हे गुडघ्यावर बसले आणि कामाला लागले. एक हत्यार घातलं, काढलं. दुसरं घातलं, काढलं. कुलपाला कान लावला. यांची मान घामाने भिजली. उभ्या आयुष्यात मी यांना एका दारापुढे इतका वेळ बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला यांची दया यायला लागली.

मागून शिंपीणबाई कुजबुजली, "नाटक करतायत. मुद्दाम."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वळले, पण आजी खिडकीतून म्हणाली, "अगं, भांडण नंतर करा, मला दिसत नाही तुमच्यामुळे."

औषधवाला यांच्या शेजारी उकिडवा बसला. "मामा, पुरे आता. चुकलं माझं, मी लोकांत बोलायला नको होतं. आता उघडा. तुम्हाला येतं, मला माहितीये."

"नाही येत हो."

"असं कसं? आजपर्यंत एक कुलूप तुम्हाला अडलं नाही."

"तुम्हीच म्हणाला होता ना, मलाही उघडणार नाही असं द्या."

औषधवाल्याने कुलपाकडे बघितलं, मग यांच्याकडे. "म्हणजे तुम्ही खरंच तसलं दिलंत?"

"मग काय खोटं देऊ?"

शिंपीणबाई पदराशी चाळा करू लागली. औषधवाला उठायचं म्हणून उठला आणि परत बसला. शेवटी यांनी लाकूड कापायचं यंत्र मागवलं. कुणाच्या दारावर आजवर यांनी एक ओरखडा उमटू दिला नव्हता, आणि आता कुलपाभोवतीचं लाकूडच कापायचं होतं. यंत्र सुरू करण्याआधी यांनी दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाबरू नका हं, झालंच." दाराला म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं.

दार उघडलं. आजी काठी टेकत उंबरठ्यापर्यंत आली. मुलगा पुढे धावला तर त्याला तिने काठीनेच बाजूला केलं आणि यांना विचारलं, "काय रे, त्या खेळात याचा खजिना तूच लुटलास ना?"

"हो, आजी."

"का रे?"

तिथे बूट पुसायची सोय नव्हती. हे खाली बघत म्हणाले, "खजिना नको होता मला. तो मी टाकून दिला नदीत. आजी, मी इतकी वर्षं लोकांची दारं उघडतो. दार उघडलं की माणूस घाईने आत जातो आणि दार लागतं. बरोबरच आहे, त्याला घाई असते. पण ज्या घरांच्या चाव्या मी सांभाळतो, त्यातल्या एकातही मी कधी गेलेलो नाही. त्या खेळात आत जाऊन बघता येतं. पण राजाला बोलावणं लागतं. चोराला लागत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात यातलं अक्षरही हे मला कधी बोलले नव्हते. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

आजी म्हणाली, "चल आत."

यांनी पायपुसण्यावर पाय इतके घासले की आजी कंटाळली. मग हात पाठीमागे बांधून आत गेले. आम्हाला बाहेर आजीचा आवाज ऐकू येत होता. हे स्वयंपाकघर. ही खिडकी, इथून सकाळचं ऊन येतं. हे याचे वडील. ही खुर्ची, यात बसून आमचे महाराज राज्य करतात. हे फक्त "वा" म्हणत होते. खोली बदलली की पुन्हा "वा". औषधवाला बाहेर माझ्या शेजारी उभा होता, आणि त्याला सुनवायचं म्हणून मी कितीतरी दिवस जे साठवून ठेवलं होतं, त्यातलं मला काहीही आठवेना.

संध्याकाळी यांनी तिथे साधं कुलूप बसवलं. आजीने दोनपैकी एक चावी सगळ्यांदेखत यांच्या हातात दिली. औषधवाला म्हणाला, "राहू द्या, मामा. तुमच्याकडेच असू द्या." यांनी ती फडक्याने पुसली आणि मान हलवली. तेवढ्यात शिंपीणबाईने विचारलं, "मामा, उद्या आमच्याकडे याल का? घर बघायला?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी कुणाचं तरी बोलावणं असतं. हे हात पाठीमागे बांधून घरोघर "वा" करत हिंडतात, आणि मी ताट वाढून एकटी बसते. चोर होते तेव्हा निदान वेळेवर जेवायला घरी यायचे.